फॅमिली हिस्टरी : निल

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आमच्या पेठेत तालमीच्या हॉलमध्ये कॅन्सर तपासणी शिबिर झालं, मी पण रांगेत होतो. फॉर्मवर तंबाखू, मावा, मिश्री, दारू सगळ्याला चौकट होती, पण घरात आधी कुणाला कॅन्सर झालाय का, कितव्या वर्षी झाला, याला एक ओळ सुद्धा नव्हती. त्या एका ओळीसाठीच हे पत्र लिहितोय, कारण ती नीट न विचारल्यामुळं काय होतं ते आमच्या घरानं बघितलंय.

माझ्या बहिणीला ३० व्या वर्षी छातीत गाठ आली. ज्या हॉस्पिटलात दाखवलं तिथं विचारलं, आईला, मावशीला, बहिणीला ब्रेस्ट कॅन्सर होता का? नव्हता. केसपेपरवर निळ्या पेनानं लिहिलं, फॅमिली हिस्टरी निल. ती फाईल अजून माझ्या कपाटात आहे. आता आमच्या वडिलांकडचं ऐका. वडील ४४ व्या वर्षी मांडीतल्या सार्कोमानं (स्नायू, चरबी, हाड यातला कॅन्सर) गेले, थोरले चुलते २९ व्या वर्षी मेंदूतल्या ट्यूमरनं, आत्याचा पोरगा सातवीत असताना पायाच्या हाडाच्या कॅन्सरनं. हे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही, कारण मांडीतल्या गाठीचा छातीतल्या गाठीशी काय संबंध असं आम्हाला वाटायचं, आणि बायकांचा आजार वडिलांकडनं येतो हे तर कुणाच्या डोक्यातच नव्हतं. घरात सगळे म्हणायचे घराण्यावर काहीतरी आहे, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करून आलो, आजी दर पौर्णिमेला जोतिबाला जायची. देवाला जाण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, पण तीन माणसं गेली तरी कुणी ती एका कागदावर मांडून बघितली नाहीत.

बहिणीची गाठ काढली, लाईट (रेडिएशन) दिली, सगळं बरं झालं म्हणून आम्ही अंबाबाईची ओटी भरली. सहा वर्षांनी लाईट दिलेल्या जागेतच सार्कोमा निघाला. मग मुंबईला नेलं, तिथल्या डॉक्टर मॅडमनी कोरा कागद घेतला, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, कॅन्सर झालेला काळा करायचा, गेलेल्यावर तिरकी रेघ मारायची. पंधरा मिनिटात वडिलांची बाजू काळी झाली. मग रक्त तपासलं आणि नाव कळलं, ली-फ्राउमेनी सिंड्रोम. ली आणि फ्राउमेनी या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९६९ साली अशी घरं पहिल्यांदा नोंदवली, आणि यामागं टीपी ५३ नावाच्या जीनमधला (जनुकातला) बिघाड आहे हे १९९० ला सापडलं.

हा जीन करतो काय, तर तालमीत पोरगा चुकीचं वागायला लागला की वस्ताद त्याला बाजूला बसवतो, सुधारला तर परत हौद्यात, नाहीतर घरी. पेशीतला डीएनए बिघडला की हा जीन तिची वाढ थांबवतो, दुरुस्त होत असेल तर होऊ देतो, नसेल तर पेशी मरते. आपल्या प्रत्येक पेशीत असे दोन वस्ताद, एक आईकडनं आलेला एक वडिलांकडनं, आणि आमच्या घरात त्यातला एक जन्मापासनंच निकामी, मग दुसरा कधीतरी गेला की तिथं कॅन्सर सुरू. (हत्तीत याच जीनच्या २० जोड्या असतात आणि एवढं मोठं जनावर असून त्याला कॅन्सर कमी होतो. नांदणीच्या मठातल्या महादेवी हत्तिणीसाठी सगळा जिल्हा रस्त्यावर आला तेव्हा मला हेच आठवत होतं.) म्हणूनच या आजारात एकाच जागेचा कॅन्सर येत नाही, कुणाला हाडात, कुणाला मेंदूत, कुणाला छातीत, लहान पोरांना किडनीवरच्या ग्रंथीत. अशा लोकांपैकी निम्म्यांना चाळिशीच्या आत कॅन्सर होतो. त्यांच्या प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, हा बिघाड यायची शक्यता ५० टक्के, पण ज्याला आला नाही त्याच्या पोरांना त्याच्याकडनं येत नाही.

आणि या लोकांना लाईट जमेल तिथं टाळतात, कारण त्यानंच नवीन कॅन्सर उठू शकतो. लाईट वाईट असं कृपा करून कुणी समजू नका, बाकीच्या पेशंटचा त्यानंच जीव वाचतो. पण त्या दिवशी कुणी वडिलांबद्दल विचारलं असतं तर पूर्ण ब्रेस्ट काढून बहिणीची लाईट वाचली असती का, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. दीड वर्षात ती गेली.

आम्ही दोघा भावांनी टेस्ट केली. बहिणीतला बिघाड आधीच माहीत असल्यामुळं आमच्यात फक्त तेवढाच बघायचा होता. माझी निगेटिव्ह, धाकट्याची पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, हे त्याला समजवायलाच आठ दिवस गेले, दुकानावर जायचा बंद झालेला. आता दर वर्षी डोक्यापासनं पायापर्यंत एमआरआय, त्यात रेडिएशन नसतं. मागच्या वर्षी पोटरीत बारकी गाठ दिसली, काढून टाकली, आणि आज तो मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर उभा आहे. कॅनडातल्या टोरंटोच्या डॉक्टरांनी २०१६ साली छापलंय, अशी नियमित तपासणी करणाऱ्यांत पाच वर्षांनी ८९ टक्के लोक जिवंत होते, न करणाऱ्यांत ६० टक्के.

सगळ्यांनी उठून टेस्ट करावी असं मी म्हणत नाही, शंभर कॅन्सरमध्ये पाच-दहाच असे आनुवंशिक असतात, आणि ली-फ्राउमेनी तर त्यातही लई दुर्मिळ. पण घरात ४५ च्या आत दोघा-तिघांना कॅन्सर झाला असेल, त्यात एखादा सार्कोमा असेल, किंवा बाईला ३१ च्या आत ब्रेस्ट कॅन्सर झाला असेल तर आई आणि वडील दोन्हीकडचं सगळं लिहून काढा, जुन्या फायली रद्दीत घालू नका, आणि जेनेटिक्सच्या डॉक्टरना दाखवा. टाटाच्या खारघरच्या सेंटरला त्याची क्लिनिक आहे. आणि शिबिर घेणाऱ्या मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे की ती एक ओळ फॉर्मवर घाला, कुणाला, कुठला, कितव्या वर्षी, दोन्ही बाजूंनी. तुमच्या पेपरनं हे लावून धरावं.

नाव-पत्ता तुमच्या माहितीसाठी खाली दिलाय, तो छापू नका. भावाच्या मुलीला स्थळं बघतोय. तिची टेस्ट अजून झालेली नाही. ती म्हणते, लग्नाआधी करायची आणि समोरच्यांना सांगायचं, घरातले म्हणतात थांब. मी तिच्या बाजूनं आहे, पण हे कधी आणि कुणाला सांगायचं ते तिनं ठरवायचंय, मी पेपरात सांगून टाकणं बरोबर नाही.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर