मंत्रिमहोदय, आधी दोन मीटर पाणी द्या; स्पर्धा मागाहून भरवा

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातील तरणतलावाच्या काठी मांडव घालून झालेल्या बक्षीस समारंभाला आपण प्रमुख पाहुणे होतात. आपण सव्वादोन तास उशिरा आलात, पण त्याची तक्रार नाही, कारण आल्यावर जे बोललात ते ऐकून मुले खुर्च्यांवर उभी राहिली होती. येत्या वर्षभरात या शहरात वॉटर पोलोची, म्हणजे पाण्यात पोहत चेंडू गोलात मारण्याच्या खेळाची, पुरुषांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरेल आणि तिच्यासाठी नवा, खोल तलाव बांधला जाईल, असा शब्द आपण दिलात. हाच खेळ खेळणारा माझा सतरा वर्षांचा मुलगा माझ्या शेजारीच बसला होता. ऐरोली स्टेशनपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही; घरी आल्यावर मात्र नव्या दिनदर्शिकेत डिसेंबरच्या पानावर त्याने पेन्सिलीने एक मोठी चौकट आखली.

ती चौकट अजून रिकामी आहे. मधल्या काळात मी चार अर्ज केले. तीन अर्जांचे उत्तर आले नाही. चौथ्याचे गेल्या आठवड्यात आले, आणि त्यात असे लिहिले होते की, ‘विषयांकित प्रकरणी आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव पाणीपुरवठा विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.’ दोन दिवसांनी त्या विभागातून एक सज्जन गृहस्थ घरी आले, त्यांनी स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला आणि दाब समाधानकारक असल्याच्या कागदावर माझी सही घेतली. वॉटर पोलोतले ‘वॉटर’ तेवढे कोणीतरी वाचले, याबद्दल मी शासनाचा आभारी आहे.

एवढ्यावर मी हे पत्र लिहिले नसते. पण गेल्या रविवारी त्याच तलावात, जिथे आपण नारळ वाढवला होता, माझ्या मुलाच्या टाचेला सहा टाके पडले. या तलावाचा अर्धा भाग चारच फूट खोल आहे आणि खोल बाजूला सकाळभर शिकाऊ बॅच असते, म्हणून आमच्या मुलांना उथळ बाजूला खेळावे लागते. वॉटर पोलोत खेळाडूने तळाला पाय टेकायचे नसतात. रवीने ताक घुसळावे तसे दोन्ही पाय आळीपाळीने उलटसुलट फिरवत त्याला कमरेपर्यंत वर राहायचे असते, आणि त्याच अवस्थेत एका हाताने चेंडू झेलून फेकायचा असतो. दोन्ही हात लावण्याची मुभा फक्त गोलरक्षकाला. चार फूट पाण्यात ही रवी फिरवली की टाच फरशीवर आपटते, आणि आमच्या तलावातील फरशी तीन ठिकाणी फुटलेली आहे. पाण्यात आधी गुलाबी धागा दिसला, मग ढग. जीवरक्षकाने स्वतःचा रुमाल बांधला, कारण प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस नव्हता, एक शिट्टी आणि उदबत्तीचा पुडा होता. रिक्षा येईपर्यंत पर्यवेक्षकांनी माझ्यापुढे कागद ठेवला आणि इजा ‘पोहताना’ झाली असे लिहून द्या म्हणाले, कारण ‘खेळताना’ लिहिले तर चौकशी लागते.

ही मुले ज्या गोलात चेंडू मारतात तो आम्ही पालकांनी केला आहे, हेही आपल्याला सांगायला हवे. नियमाप्रमाणे दोन खांबांत तीन मीटर अंतर आणि पाण्यापासून आडव्या दांडीपर्यंत नव्वद सेंटिमीटर उंची लागते. आम्ही प्लंबरकडून पाइप घेतले, दिवा गावच्या कोळीवाड्यातून जुने जाळे आणले, आणि माझ्या पत्नीने सुतळीच्या सुईने दोन रात्री बसून ते बांधले. अपघातानंतर तो गोल उचलून कोठीत टाकण्यात आला आणि दारावर सूचना लागली: ‘तलावात अनधिकृत साहित्य आणू नये.’ ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला ‘अनधिकृत’ या शब्दाचे नवल वाटू नये. मजल्यावर मजले चढतात तेव्हा कोणाच्या नजरेस पडत नाहीत. पाइपाचे तीन तुकडे मात्र एका दिवसात हटवले गेले.

आपण ज्या स्पर्धेचा शब्द दिलात तिला काय लागते, हे त्या दिवशी आपल्याला कोणी सांगितले होते का, याची मला शंका आहे. पुरुषांच्या सामन्याला पूर्वी तीस मीटर लांबी लागे, आता पंचवीसही चालते. रुंदी वीस, आणि खोली किमान दोन मीटर. गुणाकार केला तर हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरने शंभर खेपा, आणि त्याही एकदाच, कारण पुढे तेच पाणी गाळून वापरले जाते. आमच्या या पट्ट्यात वर्षाला सुमारे अडीच मीटर पाऊस पडतो. आभाळ दर वर्षी फुकट जेवढे ओतते तेवढीसुद्धा खोली शासनाला एका तलावात देता येऊ नये, याला काय म्हणावे? शिवाय दोन पंच दोन्ही काठांवरून चेंडूबरोबर चालत असतात. आमच्या एका काठावर कपडे बदलण्याच्या खोल्यांची भिंत आहे आणि दुसऱ्यावर तुळशीच्या कुंड्या आहेत, ज्या आपल्याच स्वागतासाठी आणल्या होत्या आणि नंतर कोणी हलवल्या नाहीत.

हा खेळ परका आहे, आपल्याकडे चालत नाही, असे मला मंत्रालयाच्या लिफ्टमध्ये एका अधिकाऱ्याने ऐकवले. १९४८ च्या लंडन आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताचा वॉटर पोलो संघ खेळला आहे. १९५१ च्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत दिल्लीला भारताने सुवर्ण घेतले. त्याच स्पर्धेत शंभर मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकणारे सचिन नाग ऑलिंपिकच्या वॉटर पोलो संघातही होते. १९७० ला बँकॉकमध्ये रौप्य, १९८२ ला दिल्लीत कांस्य. त्या कांस्याची दोन ओळींची बातमी माझ्या वडिलांनी मला वाचून दाखवली होती. मी नऊ वर्षांचा होतो आणि त्याच पावसाळ्यात विहिरीत पोहायला शिकलो होतो. त्यानंतर या खेळात आशियाई स्पर्धेत पुरुषांना पदक मिळालेले नाही. परका खेळ म्हणता, तर परका आम्ही केला.

हंगेरीने पुरुषांच्या वॉटर पोलोत ऑलिंपिकची नऊ सुवर्णपदके घेतली आहेत आणि त्या देशाची लोकसंख्या एक कोटीच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेत पालघरसह आमचा ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांचा होता. सर्बिया तर त्याहून लहान, तरी रिओ, टोकियो आणि पॅरिस अशी लागोपाठ तीन सुवर्णे त्यांची. मी हंगेरी मागत नाही, साहेब. मी एक तलाव मागतो आहे.

क्रिकेटचा मला राग नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या मैदानात आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा आमच्या इमारतीच्या गच्चीवर सर्वांत मोठ्याने मीच ओरडलो. अहमदाबादचाही राग नाही. त्यांनी तलाव बांधला, म्हणून २०२५ ची आशियाई जलतरण स्पर्धा, वॉटर पोलोसकट, तिथे गेली, आणि २०३० चे राष्ट्रकुल सामनेही तिथेच होणार आहेत. आमच्याकडे सामने बाहेर गेले की पत्रकार परिषद होते, अस्मितेवर भाषण होते. तलावाची निविदा तेवढी होत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राने २२८ पदके आणली तेव्हा अभिनंदनाचे फलक आमच्या नाक्यावर लागले होते आणि त्यांवर एकाही खेळाडूचा फोटो नव्हता. सगळे फोटो अभिनंदन करणाऱ्यांचे होते.

तलाव नाहीत असेही म्हणता येत नाही. घोडबंदर रस्त्यापासून पनवेलपर्यंत प्रत्येक नव्या टॉवरच्या जाहिरातीत निळा तलाव असतो आणि त्यात एक बाई डोळे मिटून आडवी पडलेली असते. ते बहुतेक चार फुटी. पाणी आहे, पैसा आहे, फरशी आहे; जे खोल आहे तेवढे सार्वजनिक नाही आणि जे सार्वजनिक आहे ते खोल नाही.

म्हणून गेली तीन वर्षे आठवड्यातून चार दिवस मी पावणेचारला उठतो. ठाण्याला गाडी बदलून आम्ही दादरला उतरतो, मुलगा दीड तास पाण्यात असतो आणि मी बाहेर कठड्यावर बसून कार्यालयाचे काम फोनवर उरकतो. येताना त्याची ओली चड्डी आणि कानावर कडक वाट्या असलेली टोपी पिशवीत मावत नाही, म्हणून तो ती लोकलच्या कडीला टांगतो. ठाणे येईपर्यंत ती वाळते आणि डब्याला क्लोरीनचा वास येतो. एकदा एका प्रवाशाने विचारले, हे कसले हेल्मेट? मुलाने सांगितल्यावर त्यांनी घोडा कुठे ठेवतोस असे विचारले. डबा हसला. मुलगाही हसला, पण त्यानंतर आठवडाभर त्याने टोपी पिशवीबाहेर काढली नाही. या तीन वर्षांत मी एक बढती नाकारली, कारण ती नागपूरला होती. ही माझी निवड होती, तिचे बिल मी आपल्याकडे पाठवत नाही. पण मांडवात शब्द देताना आपण कोणाच्या पहाटांवर बोलत होता, ते आपल्याला माहीत असावे.

आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपण भरवा किंवा न भरवा. भरवलीत तर चार दिवस झेंडे लागतील, परदेशी संघ वडापाव खाताना फोटो निघतील आणि पाचव्या दिवशी पुन्हा शिकाऊ बॅच सुरू होईल. नाही भरवलीत तरी चालेल, असे मी अत्यंत नाइलाजाने लिहितो आहे. त्याऐवजी नव्या तलावाचे काम कोणत्या महिन्यात सुरू होईल ते सहीशिक्क्याने कळवा. ते होईपर्यंत आहे त्या तलावाची खोल बाजू संध्याकाळी सात ते नऊ मुलांना द्या. फुटलेल्या तीन फरश्या बदला. मिस्त्रीचे पैसे आम्ही वर्गणी काढून देऊ, फक्त त्याला आत सोडण्याचा आदेश हवा.

आणि कोठीतला तो गोल परत करा. त्याच्या जाळ्याची खालची कड अजून अर्धी बांधायची राहिली आहे आणि सुतळीची सुई तिथेच अडकलेली आहे. मुलाचे टाके येत्या शुक्रवारी निघतील. रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही फाटकाशी असू.

आपला,
ऐरोलीतील एक पालक