तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पर्यटन पुरवणीतला शेंगेन व्हिसावरचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) लेख वाचला. फोटो छान आहेत. मजकुराबद्दल मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. 'तीन महिने निवांत राहा, मग एकदा बाहेर पडून पुन्हा आत या' असं सांगून आपले लेखक मोकळे झाले. त्यांना एकदा आमच्याकडे चहाला पाठवा. मी कॅलेंडर काढून ठेवतो.

२०२४ साली लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं स्टुटगार्टला गेलो. १ जुलैला पोचायचं, ३० सप्टेंबरला निघायचं. एजंट म्हणाला, "काका, तीन महिन्यांचा व्हिसा आहे, बिनघोर जा." मी ३४ वर्षं बँकेत व्याजाचे दिवस मोजलेला माणूस, पण घरच्या कार्यात अक्कल गहाण पडते. स्टिकरवर मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत दिसली, त्यामुळे आणखीच निर्धास्त झालो. त्याच स्टिकरवर दिवसांच्या जागी ९० छापलं होतं, त्याकडे जावयांचं लक्ष गेलं ऑगस्टच्या मध्यावर. मग जेवणाच्या टेबलावर हिशेब. जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१, झाले ६२. उरले २८. पोचल्याचा दिवस धरतात आणि निघण्याचाही धरतात. म्हणजे २८ सप्टेंबर हा शेवटचा दिवस आणि तिकीट ३०चं.

जावयांचा एक मित्र म्हणाला, दोन दिवस झुरिकला जाऊन या, स्वित्झर्लंड काही युरोपीय संघात नाही. नाही, खरंच नाही. पण शेंगेनमध्ये आहे, आणि तिथले दिवसही ह्याच खात्यात पडतात. शेंगेनबाहेर, लंडनला गेलो असतो तरी (आमचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा होता, ते सोडा) आधीचे दिवस काही पुसले जात नाहीत. कुठल्याही तारखेला मागचे १८० दिवस बघायचे, त्यात मुक्काम ९०च्या वर जाता कामा नये. आपल्या लेखकांचं 'बाहेर पडून पुन्हा आत' इथेच आपटतं. मुदतवाढीचीही चौकशी केली. त्याला आजारपणासारखं भक्कम कारण लागतं. बारसं त्यात बसत नाही.

नातूही स्वतःच्या सवडीने आला, १८ सप्टेंबरला. बारावा दिवस २९ला. आम्ही २८ला विमानात. तिकिटं बदलण्यात २८ हजार गेले, ते जाऊ द्या. पण पाळण्याखालून-वरून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' करायला एका बाजूला आजी हवी ना? तिथे शेजारची पोलिश बाई उभी राहिली. बिचारीने 'गोपाळ' तीनदा घोकून घेतलं होतं. आम्ही टॅक्सीत, मांडीवर मोबाइल धरून व्हिडिओ बघतोय. आत्याने बाळाच्या कानाशी तोंड नेलं, "कुर्रर्र..." झालं, आणि कसारा घाटात नेटवर्क गेलं. नातवाचं नाव आम्हाला इगतपुरीला कळलं. ही घरी पोचेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

तेव्हा निदान पासपोर्टावर शिक्के तरी मारत होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून येण्या-जाण्याची नोंद संगणकात करायला सुरुवात झाली आहे. दिवस यंत्रच मोजणार. शिक्का पुसट आहे, साहेबांना दिसणार नाही, अशा भरवशावर कुणी राहू नये. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर दिवस मोजायचं कॅल्क्युलेटर फुकट आहे, एवढी एक ओळ लेखात असती तरी मी हे पत्र लिहिलं नसतं. त्याऐवजी अर्धा रकाना चीज फोंड्यूवर!

शिवाय लेखात देश २६ दिलेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ला आला, बल्गेरिया-रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे. २९ झाले. जुना लेख पुन्हा छापला असेल तर तसं स्पष्ट म्हणा, आमची काही हरकत नाही.

दुरुस्ती छापावी ही विनंती, आणि ती टूर कंपनीच्या '१५ दिवसांत ११ देश' जाहिरातीच्या खाली नको.

ता. क. सलग दोन रविवार शब्दकोड्यात उभ्या शब्दांचे आकडे चुकले आहेत. १४ दोनदा आणि १७ गायब. आपल्याकडे मोजायचं काम नक्की कोण बघतं?

आपला,
एक जुना वर्गणीदार,
नाशिक रोड