शिवसागरातील बोटुकली आणि हौशी गळकरी

महोदय,

सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेच्या कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर, विशेषतः तापोळा आणि बामणोलीच्या काठाला, सुट्टीच्या दिवशी नौकाविहाराबरोबरच गळ टाकून बसणाऱ्या हौशी मंडळींची गर्दी वाढू लागली आहे. त्याबद्दल तक्रार नाही; मीही त्यांतलाच एक आहे. मात्र गेल्या रविवारी काठाच्या चिखलात टाकून दिलेले नायलॉनचे बारीक आसाचे (छिद्रांचे) जाळे मी उचलले, तेव्हा त्यात बोटभर लांबीची, अजून अंडी घालण्याच्या वयालाही न पोहोचलेली वीस-पंचवीस मासळी, म्हणजे बोटुकली, मरून पडली होती आणि एक पाणकोंबडीही पायाने अडकलेली होती. रोहू, कटला हे मासे पावसाळ्यात अंडी घालतात, त्यामुळे निदान जून ते ऑगस्ट या काळात हौशी मासेमारी बंद ठेवून बारीक आसाची जाळी कायमची जप्त करावीत. धरणात जमिनी गेलेल्या कुटुंबांपैकी जी आज मासेमारीवर जगतात, त्यांच्यावर याचा बोजा पडू नये. जलाशयाचा पश्चिम काठ २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतो, हेही वासोटा किल्ल्याला निघालेल्या पर्यटकांना होडीत बसण्यापूर्वीच सांगितले जावे.

— एक वाचक, सातारा