बाबा, मी पाकिस्तानच्या खुर्चीत का बसले

जिनिव्हा

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी माझं ऐकून तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तेव्हाच कळलं, तुम्हाला लागलंय. म्हणून सविस्तर लिहिते.

आंतरराष्ट्रीय सुरक्षेच्या आमच्या अभ्यासात वर्गाबाहेर बरंच काही चालतं. त्यातलीच ही लुटुपुटूची वाटाघाट, विद्यार्थ्यांनीच शनिवार-रविवारी भरवलेली. विषय होता अणुबाँबसाठी लागणारं युरेनियम आणि प्लुटोनियम बनवण्यावर बंदी घालणारा करार. देश चिठ्ठ्या टाकून वाटले. माझ्या चिठ्ठीत पाकिस्तान निघाला.

चिठ्ठी बदलून मिळाली असती. तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तरी मी मागितली नाही. कारण परीक्षेत या विषयावर मी "पाकिस्तान अडवतो" एवढं लिहून मोकळी झाले होते. इथल्या खऱ्या निःशस्त्रीकरण परिषदेत 65 देश आहेत आणि सगळ्यांची संमती असल्याशिवाय पान हलत नाही. 2009 मध्ये कामाचा आराखडा मंजूर झाला, पण पाकिस्तानने पुढचं पाऊल पडू दिलं नाही. का, ते त्यांच्या जागी बसल्यावर उलगडलं. त्यांचं म्हणणं असं, की नुसतं पुढचं उत्पादन थांबवलं तर भारताकडचा जास्तीचा साठा कायम जास्तच राहील, तेव्हा आधीचे साठेही करारात घ्या. मला हे पटलं असं नाही, बाबा. पण त्याला उत्तर काय द्यायचं हे आता मला पुस्तकाशिवाय सांगता येईल. समोरच्या चौकीवरून आपली चौकी कशी दिसते ते आधी बघावं, हे तुम्हीच शिकवलंत ना?

भारताच्या जागी ब्राझीलची एक मुलगी होती. 'आधीचे' या एका शब्दावरून आम्ही रात्री अकरापर्यंत भांडलो. मसुद्यात तो शब्द कंसात, म्हणजे एकमत न झालेला असाच राहिला, तिला खोडता आला नाही आणि मला कंस काढता आला नाही. मग तिनेच माझ्यासाठी गरम सूप आणलं. (आई, मी जेवते वेळेवर. काळजी करू नकोस.)

दुसरी गोष्ट सांगायची राहिलीच. संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीसमोर बारा मीटर उंचीची लाकडी खुर्ची आहे, एक पाय मध्येच तुटलेला. भूसुरुंगांवर बंदी यावी म्हणून 1997 मध्ये उभारलेली. नव्या विद्यार्थ्यांना आम्ही तिथे घेऊन जातो. त्या पायाच्या टोकाला लाकडाच्या ढलप्या निघाल्यात, खाली उभं राहिलं की तेवढंच दिसत राहतं. एकाने विचारलं, भारताने तो भूसुरुंगबंदीचा करार का केला नाही? मी लांबलचक सीमेचं कारण सांगितलं, जे पुस्तकात आहे ते. आणि मग वाडीतल्या काकांचं सांगितलं. ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, म्हणजे 2001-02 मध्ये आपलं सैन्य पाकिस्तानच्या सीमेवर उभं होतं तेव्हा, राजस्थानात सुरुंग काढताना त्यांचा पाय गेला, आणि आजही ते जयपूर फूट घालून गुरांमागे जातात. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

पुढच्या महिन्यात सुरुंग काढण्याच्या कामावर आमची कार्यशाळा आहे. वाळू सरकली की सुरुंगही जागा सोडतात, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. मग नकाशा कोण काढायचं, आणि नंतर त्यावर विसंबायचं कसं? तुम्ही तिथे होतात. रविवारी फोन आईकडे देऊ नका, मी वही घेऊन बसणार आहे.

तुमची,
चिमी