नवेगावला तळेही आहे

महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीत नवेगाव-नागझिऱ्याबद्दल जे छापून आले, ते सगळे वाघाभोवती फिरणारे होते. जानेवारीत आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधला गेलो, तर तिथेही तेच. आतून येणाऱ्या प्रत्येक गाडीला एकच प्रश्न, ‘दिसला का?’ नाही म्हटले की चेहरे उतरतात. आणि समोर एवढे थोरले तळे, त्याच्या काठी दहा मिनिटे बसायला कुणी तयार नाही!

हे तळे माणसांनी बांधलेले आहे. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात टेकड्यांच्या मधे मातीची पाळ घालून पाणी अडवले, असे सांगतात. भोवतीच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. पूर्व विदर्भात असे मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यात असलेले तलाव, हजारोंनी आहेत. धान त्यांच्यावर, ढिवरांची मासेमारी त्यांच्यावर, आणि हिवाळ्यात दूरच्या मुलखातून येणारी बदके, पट्टकादंबही त्यांच्याच आसऱ्याला. उतारावरचे ऐन, मोह, तेंदूचे रान माती धरून ठेवते, म्हणून तळ्यात गाळ कमी उतरतो. 1975 साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले, 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. जंगलाला संरक्षण मिळाले, पण त्या जंगलाच्या जोडीने पाणी सांभाळणारे गावकरी आपल्या लिखाणात कुठेच नसतात.

मालगुजारी गेल्यावर हे तलाव सरकारकडे आले. पुष्कळ ठिकाणी गाळ साचला, बेशरम नावाचे झुडपी तण माजले. गाळ काढायलाच हवा, पण यंत्र लावून काठ सरळसोट कापला तर उथळ पाणी जाते. उथळ चिखलातच तर पाणवनस्पतींचे कंद रुजतात, माशांची पिले वाढतात, पाणपक्षी चरतात. राज्यात उरलेले थोडेसे सारस बहुतेक याच गोंदिया जिल्ह्यात आहेत, आणि त्यांचा संसार अशाच दलदलीत नि धानाच्या बांध्यांत चालतो. काठ कसा राखायचा, हे ढिवर बंधूंना विचारूनच ठरवावे.

आमच्यासोबत आलेल्या गावातल्या वृद्ध मच्छीमाराने केवळ आवाजावरून पक्षी सांगितले. माझी नात वाघ विसरून दोन तास त्या मच्छीमाराच्या मागे मागे पायी फिरली. शाळांच्या सहली तिथे नेणाऱ्या शिक्षकांना विनंती आहे, सफारीच्या आधी एक सकाळ तळ्याच्या काठावर, अशाच एखाद्या जाणत्या माणसाबरोबर काढा. आणि आपल्या पुढच्या पुरवणीत त्या माणसांची मुलाखत वाचायला मिळावी.

– एक वाचक, नागपूर