कुंपणाआधी मोजणी करा

महोदय,

पेरणीच्या तोंडावर बांधाची भांडणे पेटतात आणि दोन्ही शेजारी सातबारा नाचवत बसतात. सातबाऱ्यावर क्षेत्र असते, हद्द नसते. ती गट नकाशात पाहावी लागते. म्हणून तारेचे कुंपण घालण्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज करावा. त्यात चतुःसीमेच्या सर्व कब्जेदारांची नावे व पत्ते अचूक हवेत. खरा घोळ इथेच होतो. खातेदार वारलेला, वारसांना नोटीस नाही, मग शेजारी मोजणी मानतच नाही (आणि त्याचे चूक तरी काय?). ऊस उभा असताना मोजणी मागवू नये. जुन्या खुणा सापडत नाहीत. भूकरमापकाने दाखवलेल्या जागी त्याच दिवशी दगड रोवावेत, चुन्याची फक्की पहिल्या पावसात जाते. 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, हाती आल्यावरच खांब उभारावेत, तेही रेषेच्या आत, आपल्या बाजूला. मोजणी अमान्य असलेल्याला निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. मात्र मोजणीने अतिक्रमण आपोआप हटत नाही. शेजारी ऐकत नसेल तर ताब्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे, रात्रीत बांध कोरू नये. हद्दीच्या खुणा उखडणे जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार दंडपात्र आहे.

– एक निवृत्त भूकरमापक