पायाकामाचे पैसे घेतले, खडी मात्र टाकलीच नाही

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : घराच्या अंगणातील कृत्रिम हिरवळीखालचे पायाकाम न केल्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

नाशिकला माझ्या रो-हाउसच्या मागच्या अंगणात, ३०० चौरस फुटांवर, आपल्या माणसांनी एप्रिलमध्ये ३५ मिमीची कृत्रिम हिरवळ बसवली. आपल्या कोटेशनमध्ये हिरवळीचे चौरस फुटाला ७० रुपये आणि पायाकामाचे ६० रुपये असे वेगवेगळे लावले आहेत. एकूण ३९,००० रुपये आणि वर जीएसटी मी काम सुरू होण्याआधीच भरला. पायाकामात काय काय करणार तेही आपणच लिहून दिले आहे : वरची माती काढणे, ४ इंच खडी व कच टाकून धुम्मसाने दाबणे, चेंबरकडे उतार काढणे आणि त्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी झिरपू देणारे, तण रोखणारे) अंथरणे. यातले काहीही झालेले नाही.

त्या दिवशी मी ऑफिसात होते, घरी आई एकटी होती. दोन कामगार दहाला आले आणि जेवणाच्या वेळेला काम आटोपून गेलेसुद्धा. संध्याकाळी हिरवेगार अंगण बघून मी खूश झाले आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करून दिली.

पावसाने सगळे उघडे पाडले. आमच्याकडे काळी माती आहे. ती पाणी धरते, फुगते आणि उघडीप मिळाली की भेगाळते. अंगण आता कुठे उंच तर कुठे खोलगट झाले आहे. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पाय टेकताच चपलेभोवती पाणी वर येते आणि कुबट वास सुटतो. दोन रोल जोडले आहेत तिथून लव्हाळा वर आला आहे. शिवाय दोन्ही रोलची पाती उलटसुलट दिशेला लावल्यामुळे एक पट्टा गडद आणि दुसरा फिकट दिसतो.

मागच्या रविवारी मी कोपरा उचलून पाहिला. खडीचा एक दाणा नाही, कापडाची चिंधी नाही. थेट चिखल, आणि त्यात आमची जुनी हरळी, उजेडाविना पिवळी पडलेली, दोऱ्यासारखी लांबच लांब वाढलेली. आई दर संकष्टीला हिच्यातूनच दुर्वा खुडायची. गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नाही, चिखलात पाय घसरतो, म्हणून तर मी कृत्रिम हिरवळ बसवली. हरळी उपटून न काढता तिच्यावरच प्लास्टिक अंथरले, हे बघून मला फार वाईट वाटले.

मला सर्वांत जास्त राग खिळ्याचा आहे. जोडाला चिकटपट्टीऐवजी खिळे ठोकले आहेत. माती फुगली तसा एक वर आला आणि आईच्या टाचेत घुसला. तिला मधुमेह आहे. धनुर्वाताचे इंजेक्शन, आठवडाभर ड्रेसिंग आणि जखम चिघळते की काय ही धास्ती आम्ही काढली आहे.

फोन केला तर आपल्याकडून उत्तर आले, “पावसाळ्यात असं होतंच ताई, ऊन पडलं की बसेल.” खडीबद्दल विचारले तर, “टाकली होती, मातीत गेली असेल.” साधा हिशेब करा. ३०० चौरस फुटांवर ४ इंच थर म्हणजे १०० घनफूट, बरोबर एक ब्रास. एक ब्रास खडी चार महिन्यांत मातीत नाहीशी होत नाही. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत त्या दिवशी आपला एकच छोटा टेम्पो नोंदला आहे. त्यात हिरवळीचे रोल होते.

उन्हाळ्यात ही हिरवळ तापते, भर दुपारी तिच्यावर पाय ठेवता येत नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. प्लास्टिक तापणारच. न केलेल्या कामाचे १८,००० रुपये घेतले, ही तक्रार आहे.

पंधरा दिवसांत हिरवळ उचलून कोटेशनप्रमाणे पायाकाम करावे, जोड पट्टीने करावेत, पाती एका दिशेला लावावीत आणि आईच्या उपचाराचा खर्च द्यावा. जमत नसेल तर सगळे काढून न्यावे आणि पूर्ण पैसे परत करावेत. दोन्हींपैकी काहीच झाले नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन. कोटेशन, पावती, गेटवरच्या नोंदीचा आणि उचललेल्या कोपऱ्याचा फोटो सोबत जोडला आहे.

माणसे पाठवाल तेव्हा मी घरी असताना, शनिवारी किंवा रविवारी पाठवा. हरळी उपटून फेकू नये, मला ती कुंडीत लावायची आहे. खडी माझ्यासमोर मोजून उतरवावी.

आपली,
एक ग्राहक, नाशिक